पटायाचं बिल

माझ्या आईने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पटायाला. हे एवढं साधं वाक्य तिला आमच्या गावात मोठ्याने बोलता येत नाही.

आमचं गाव वळसंग, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं. घरात कानडी आणि दारात मराठी, म्हणून आई ही अव्वा आणि वडील अप्पा. स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या दिवसभर गावावरून जातात, त्यामुळे प्रवासी आम्ही जन्मापासून बघतो. स्वतः निघणं मात्र कमी. बायकांचं तर अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर, फारच झालं तर वऱ्हाडाबरोबर कोल्हापूर. अव्वा 2024 च्या जानेवारीत पाच दिवस थायलंडला जाऊन आली. परतल्यावर भिशीत एका काकूने विचारलं, "कुठं गेल्तीस गं?" अव्वा म्हणाली, "थायलंडला." "म्हंजे बँकॉक का?" "हां, तिकडंच की." पाचातले तीन दिवस आम्ही पटायात होतो. ते नाव तिने गिळलं. मी शेजारीच चिवडा खात बसले होते. त्या वेळी मला ज्यांचा ज्यांचा राग आला, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

पहिला राग डोळा मारणाऱ्यांचा. मराठीत 'बँकॉक-पटाया' हा आता जोडशब्द झालाय आणि तो उच्चारताना एक डोळा बारीक करायची पद्धत आहे. लग्न ठरलेला मित्र, निवृत्त झालेला साहेब, पतसंस्थेचं संचालक मंडळ, सगळ्यांवर हाच विनोद. विनोद करणाऱ्याला वाटतं आपण फार जगलेलो आहोत. दुसरा राग नाक मुरडणाऱ्यांचा. त्यांच्या मते सभ्य घरातल्या माणसाने तिथे जाऊच नये, बाईने तर नाहीच नाही. हे दोन गट एकमेकांचे शत्रू असल्यासारखे बोलतात, पण दोघांच्या डोळ्यासमोर गल्ली एकच असते. वॉकिंग स्ट्रीट. चालत गेलात तर दहा मिनिटांत संपते. त्या अर्ध्या किलोमीटरवरून एका अख्ख्या शहराचा निकाल लावून हे मोकळे. मधल्या मधे अव्वाचा समुद्र गेला.

2024 मध्ये थायलंडला गेलेले भारतीय 20 लाखांहून जास्त होते. नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्याला व्हिसाची सूट मिळाली, आणि मुंबईहून बँकॉकला जायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा जास्त आम्हाला सोलापूरहून मुंबई गाठायला लागतो. म्हणजे हा काही मूठभर शौकिनांचा विषय राहिलेला नाही. तुमच्या ओळखीतलं कुणीतरी जाऊन आलंय. फक्त काही जण ते सांगतात आणि काही जण 'तिकडंच की' म्हणतात.

आता आम्ही गेलो कसे ते सांगते, कारण खरी भानगड तिथे आहे.

अप्पांचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. या धंद्यात कंपन्या दुकानदाराला कमिशन देतात, आणि त्यावर स्कीम देतात. स्कीम म्हणजे असं: अमुक तारखेच्या आत इतक्या लाखांची उचल करा, परदेशी सहलीची एक सीट तुमची. दुप्पट उचल केली की दोन सीट. पैसे आधी भरायचे, माल आपल्या गोदामात येऊन पडतो. युरिया आणि डीएपी यांच्यावर असली स्कीम नसते, त्यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. स्कीम असते ती बाटल्यांवर. टॉनिक, ह्युमिक, फुलगळ थांबवणारं, फुटवे वाढवणारं, पानाला चकाकी आणणारं. गोदामात बाटल्यांचे खोके छतापर्यंत लागले की दुकानदाराला झोप येत नाही. त्या बाटल्या कुणाच्या तरी शेतात जायलाच हव्यात.

मी बारावीपासून सुट्टीत दुकानाची वही लिहिते, त्यामुळे त्या कुणाच्या शेतात जातात हे मला माहीत आहे. युरियाची 45 किलोची गोणी सरकारी दराने 266 रुपये 50 पैशांना असते. हंगामात ती कमी पडते. मग गिऱ्हाईक आलं की त्याच्यापुढे गोणीबरोबर एक बाटलीही ठेवली जाते. "हे पण टाका, तूर बघा कशी येते." बाटली गोणीच्या दुप्पट किमतीची. माणूस उधारीवर नेत असेल तर तो नाही म्हणत नाही, कारण नाही म्हटलं तर पुढच्या गोणीला अडचण येईल असं त्याला वाटतं. त्याला वाटतं ते बरोबरच असतं. याला धंद्यात लिंकिंग म्हणतात. ते बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. 2025 च्या जुलैमध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सगळ्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून ही सक्ती थांबवा म्हणून सांगितलं, म्हणजे दिल्लीपर्यंत बोंब गेलेली आहे. ती बोंब वळसंगच्या आमच्या काउंटरवरूनही गेली असणार.

2023 च्या खरिपात अप्पांनी दोन सीटांची उचल केली. त्या साली पाऊस किती रुसला होता ते सोलापूरकरांना सांगायला नको. पिकं माना टाकत होती आणि आमच्या दुकानातून फुलगळीचं टॉनिक जात होतं. ज्या तुरीला पाणीच नाही तिची फुलगळ बाटलीने थांबत नाही. हे मला बी.एस्सी. ॲग्रीच्या पहिल्या वर्षात शिकवलं होतं. आमच्या शिवारातल्या एका काकांच्या नावावर मी स्वतः तीन बाटल्या लिहिल्या. माझ्या अक्षरात आहेत त्या.

अप्पांचं ऐन वेळी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. कंपनीच्या माणसाला वाटलं अप्पा सीटा दुसऱ्या कुणा दुकानदाराला देतील, तशी पद्धत असते. अप्पा म्हणाले, "आमच्या दोघी जातील." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "मालक, ट्रिप जेन्ट्सची आहे." अप्पा म्हणाले, "पत्रकात लिवलंय का तसं?" लिहिलेलं नव्हतं.

अशा रीतीने चाळीसेक पुरुषांच्या बसमध्ये आम्ही दोघी. पुढच्या दोन सीटांवर. बसमध्ये पहिला तासभर सगळे इतके सभ्य होते की मलाच संकोच वाटला. नंतर मागून हळूहळू हसणं सुरू झालं.

कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत पटायाचे अडीच दिवस होते. ते ज्याने आखले त्याला पटाया माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याला आपली माणसं माहीत होती. सकाळी स्पीडबोटीने कोरल आयलंड, म्हणजे को लान बेट. दुपारी रत्नांच्या दुकानात दीड तास. संध्याकाळी शो. रात्र 'मोकळी'. दुसऱ्या दिवशी नोंग नूच बाग, तिथला हत्तींचा खेळ, भारतीय जेवण, परत रात्र 'मोकळी'. या मोकळ्या रात्रींसाठीच बाकीचे दिवस भरलेले होते.

को लानच्या किनाऱ्यावर अव्वाने समुद्र पाहिला. ती साडीतच होती. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तशी म्हणाली, "मीठ आहे का बघू," आणि ओंजळीतलं थोडं पाणी जिभेला लावलं. पन्नास वर्षांची बाई. भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या तालुक्यात राहणारी, आणि तरी उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेली. एवढं पाणी एका जागी आहे आणि कुणी त्यासाठी भांडत नाही, याचं तिला हसू येत होतं. मी सात सेकंदांचा व्हिडिओ काढला. मागे आमच्या बसमधले लोक बनाना बोटीवरून पडत होते आणि ओरडत होते. तेही खूश होते. त्यांच्या त्या खुशीबद्दल माझी काही तक्रार नाही. आयुष्यभर काउंटरमागे बसलेल्या माणसाने पाण्यात पडून ओरडावं, जरूर.

तक्रार आहे ती नोंग नूचपासून.

या बागेची गोष्ट शेतीवाल्यांनी तरी ऐकायला हवी. पिसित आणि नोंगनूच तान्साचा या जोडप्याने 1954 मध्ये इथे जमीन घेतली ती फळबाग करायला. आंबा, संत्री, नारळ वगैरे. पुढे बाई परदेशात बागा बघून आल्या आणि त्यांनी फळबागेची शोभेची बाग केली. 1980 मध्ये ती लोकांना खुली झाली. आज तिथे ताडवर्गीय झाडांचा आणि सायकसचा असा संग्रह आहे की जगभरातले वनस्पतिशास्त्रज्ञ तो बघायला येतात. आमच्या बसमध्ये चाळीस कृषी सेवा केंद्रवाले. सगळ्यांचं पोट झाडांवर. त्यांतल्या एकानेही खाली वाकून एका पाटीवरचं नाव वाचलं नाही. गाइडने "एलिफंट शो" म्हटलं आणि सगळे तिकडे पळाले. हत्ती फुटबॉल खेळला. मग जेवण. बागेला आम्ही दिलेला वेळ म्हणजे पार्किंगपासून हत्तीपर्यंत चालायला लागतो तेवढा.

तिथून फार लांब नाही तो खाओ ची चान डोंगर. 1996 मध्ये, राजा भूमिबोल यांच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, डोंगराचा अख्खा कडा कापून त्यावर सोन्याच्या रेषांनी बुद्ध रेखला आहे. बसून राहिलेला, शंभर मीटरांहून उंच. त्याच्याजवळच द्राक्षमळा आहे, सिल्व्हरलेक नावाचा. द्राक्ष! सोलापूर जिल्ह्यातला दुकानदार वर्षभर द्राक्षाच्या फवारण्यांवर जगतो. थायलंडच्या दमट हवेत माणसं द्राक्ष कसं आणतात, हे बघायला त्याने धावत जायला पाहिजे. कार्यक्रमपत्रिकेत ना बुद्ध होता ना द्राक्ष. मी गाइडला विचारलं. तो हिंदीत म्हणाला, "मॅडम, ग्रुप को इंटरेस्ट नहीं होता." त्याचं चुकलं नाही. वर्षानुवर्षं गेलेल्या ग्रुपांनी त्याला हे शिकवलंय.

शोला आम्ही गेलो. पटायात असे मोठे शो आहेत. त्यातला टिफनीज 1974 पासून चालू आहे. स्टेजवरच्या कलाकार बहुतेक तृतीयपंथी. दीड तास नाच, दिवे, कपडे, आणि मेहनत अशी की कुठे पाऊल चुकत नाही. बाहेर आल्यावर कलाकार अंगणात उभ्या राहतात आणि पैसे घेऊन फोटो काढू देतात. आमच्या लोकांनी तिथे जे हात टाकले आणि मराठीत जे बोलले ते मी लिहिणार नाही. समोरच्याला भाषा कळत नाही म्हणून माणूस किती खरा बोलतो ते मला कळलं. अव्वा बाजूला उभी होती. म्हणाली, "आपल्याकडं यल्लम्माचे जोगप्पा असतात की. तसंच की हे." मग तिने पर्समधून नोट काढली, दोन्ही हातांत धरून परडीत टाकतात तशी त्यातल्या एकीच्या हातात ठेवली आणि नमस्कार केला. फोटो काढलाच नाही. त्या कलाकारानेही हात जोडले, त्यांच्या पद्धतीने, बोटं नाकापर्यंत नेऊन. सौंदत्तीला जाणाऱ्या बाईला पटायात काही अश्लील दिसलं नाही, आणि बसभर पुरुषांना दुसरं काही दिसलं नाही. संस्कृतीवाल्यांनी यावर जरा बोलावं.

दुसऱ्या संध्याकाळी 'मोकळी' रात्र सुरू व्हायच्या आधी आम्ही दोघी एकट्याच बाहेर पडलो. तिथे दोन बाकांच्या उघड्या पिकअप रिक्षांसारख्या फिरतात, आपल्याकडच्या वडापसारख्याच. त्यात बसून नाकलुआला गेलो. तिथे समुद्राच्या काठावर एक देऊळ आहे, अख्खं लाकडाचं, शंभर मीटरांच्या आसपास उंच. थाई भाषेत त्याचं नाव 'प्रासात सच्चथाम', म्हणजे सरळ आपलं प्रासाद आणि पालीतलं सच्चधम्म. लेक विरियाफान नावाच्या श्रीमंत माणसाने 1981 मध्ये ते बांधायला घेतलं. तो 2000 मध्ये वारला. देऊळ अजून पुरं झालेलं नाही. समुद्राचं खारं वारं लाकूड खातं, कारागीर नवीन कोरतात, तोवर जुनं झिजतं. आत ब्रह्मा, विष्णू, महेश, गणपती, बुद्ध, चिनी देवता, सगळे लाकडात. आणि खाली शेडमध्ये बायका आणि पुरुष पटाशी घेऊन बसलेले, आपल्यासमोर कोरतायत. तिकीट पाचशे बाट, म्हणजे तेव्हाचे बाराशेच्या आसपास रुपये. म्हणूनच ते कंपनीच्या यादीत नव्हतं. 'ऑप्शनल' होतं, आणि चाळिसातल्या एकानेही तो ऑप्शन घेतला नाही.

अव्वा त्या शेडमध्ये तासभर उभी राहिली. तिचे वडील सुतार होते. पटाशी कशी धरलीय, लाकडाची रेष बघून घाव कुठे घालतात, यावर तिने मला जेवढं सांगितलं तेवढं तिने गेल्या वीस वर्षांत स्वतःच्या माहेराबद्दल सांगितलं नव्हतं.

पटायाचं नाव कुठून आलं ते मी तिथेच मोबाइलवर वाचलं. 1767 मध्ये अयुथ्या, म्हणजे त्यांची अयोध्या, बर्मी फौजेच्या हाती पडायच्या बेतात असताना पुढे राजा झालेला ताकसिन आपलं सैन्य घेऊन इकडून गेला. त्या फौजेवरून या जागेला 'थाप फ्राया' नाव पडलं, आणि पुढे ते बदलत 'फत्थया' झालं. फत्थया हे एका वाऱ्याचंही नाव आहे: पावसाळ्याच्या तोंडाला नैऋत्येकडून वाहणारा वारा. ज्या वाऱ्याची आमचं अख्खं गाव जूनमध्ये आभाळाकडे बघत वाट पाहतं तोच, फक्त त्यांच्या बाजूने. जिल्ह्याचं नाव चोनबुरी, म्हणजे जलपुरी. आपण ज्या शब्दाला डोळा मारतो तो मृगाच्या वाऱ्याचा शब्द आहे.

मग ही गल्ली आली कुठून? पटाया 1950 च्या दशकापर्यंत मासेमारांचं गाव होतं. सांगतात की 1959 मध्ये कोराटच्या तळावरून अमेरिकन सैनिकांची एक तुकडी सुट्टीला इथे आली. मग व्हिएतनामचं युद्ध पेटलं, जवळच उतापाओचा मोठा विमानतळ झाला, आणि 1967 मध्ये थायलंड आणि अमेरिका यांच्यात सैनिकांच्या सुट्टीबद्दल रीतसर करारच झाला. मरायला चाललेल्या पोरांची चार दिवसांची करमणूक, हा या बाजाराचा पाया. सैनिक गेले, बाजार राहिला, गिऱ्हाईक बदललं. थायलंडच्या 1996 च्या कायद्याने वेश्याव्यवसाय आजही गुन्हा आहे, आणि तो उघड चालतो. त्याचा अर्थ एवढाच की पकडायचं झालं तर बाईला पकडता येतं.

आणि तिथे काम करणाऱ्या बायका कुठून येतात? फार मोठ्या संख्येने ईसानमधून. ईसान म्हणजे आपली ईशान्य. थायलंडच्या त्या कोपऱ्यातलं कोराटचं पठार. रेताड जमीन, लहरी पाऊस, एक पीक भाताचं, आणि कर्ज. वाचताना ओळखीचं वाटतंय ना? नकाशावर सोलापूर सरकवून तिथे ठेवलं तर फार फरक पडणार नाही. त्यांच्या मुली पटायाला आणि बँकॉकला जातात, आमच्याकडची माणसं पुण्याला आणि उसाच्या टोळीत.

शेवटच्या दिवशी अव्वाचे पाय सुजले होते म्हणून मी तिला जोमतिएनच्या रस्त्यावर एका साध्या मसाजच्या दुकानात नेलं. परक्या बाईच्या हातात पाय द्यायची तिला लाज वाटत होती. ती बाई चाळिशीची असेल. मोबाइलवर भाषांतर करत करत दोघी बोलल्या. गाव बुरीराम. वडील भातशेती करतात. मुलगी आजीजवळ असते. तिने विचारलं, तुमचं काय आहे? मी लिहिलं, खतांचं दुकान. तिने ते वाचलं आणि मोठ्याने हसली, आणि मग मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं: माझ्या बापाकडे खताच्या दुकानाची उधारी आहे.

अव्वाला मी ते वाचून दाखवलं. अव्वा हसली नाही. तिने पाय मागे घेतले. पैसे जास्त दिले, पण त्याने काय होतंय.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी हिशोब मांडला. दोन सीटा, दोन सीटांची उचल, त्या उचलीतल्या बाटल्या, आणि त्या बाटल्यांची माझ्या अक्षरातली उधारी. वळसंगच्या कोरडवाहू शेतकऱ्याला नको असलेली बाटली गळ्यात मारायची, त्या पैशातून बुरीरामच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेकीच्या दारात बस भरून पुरुष न्यायचे, आणि परत येऊन डोळा मारायचा. वरून बदनाम कोण, तर पटाया.

यावर माझ्याशी भांडणारे असतील. एक म्हणतील, "मग तुम्ही दोघी गेलात कशाला?" बरोबर आहे. गेलो. अव्वाचा समुद्र काकांच्या तीन बाटल्यांतून आला, हे मला माहीत आहे आणि मी ते लपवत नाही. पण म्हणून मी गप्प बसावं असा कायदा नाही. दुसरे म्हणतील, "दुकानदारालाच का धरता, डॉक्टर जात नाहीत का?" जात होते, आणि म्हणूनच मार्च 2024 मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी संहिता आणली. त्यानुसार परिषदेत बोलायला जाणाऱ्यांचा अपवाद सोडला तर कंपन्यांनी डॉक्टरांना किंवा त्यांच्या घरच्यांना देशात-परदेशात प्रवास घडवू नये. ती किती पाळली जाते हा वेगळा प्रश्न. पण निदान कागदावर कुणीतरी मान्य केलं की सहलीचं बिल शेवटी पेशंटच्या चिठ्ठीवर चढतं. शेतकऱ्याच्या चिठ्ठीबद्दल असं कुणी म्हणताना मी अजून ऐकलेलं नाही. डॉक्टरच्या सहलीची बातमी होते आणि कृषी केंद्रवाल्याच्या सहलीचं स्टेटस होतं, हार घालून, विमानतळावरच्या समुद्रमंथनाच्या पुतळ्यासमोर.

तिसरे, आणि हे मला सगळ्यात जास्त भेटतात, म्हणतात, "आपल्याकडं बघायला काय कमी आहे?" काहीच कमी नाही. आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे, तिथल्या देवळात शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा, मराठीतला शिलालेख आहे. हजार वर्षांची मराठी आमच्या तालुक्यात दगडावर आहे. मला शाळेने तिथे कधी नेलं नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या तिघांना मी विचारलं तर तिघेही कुडलला गेलेले नव्हते. ज्याला कुडल बघायचं नसतं त्याला नोंग नूचमध्येही झाड दिसत नाही. बघण्याची सवय नसली की माणूस कुठेही नेला तरी हत्तीच बघतो.

माझं म्हणणं पटायाला जाऊ नका असं नाहीच. जा की. स्वतःच्या पैशाने जा, घरातल्या बाईला घेऊन जा, वडापमध्ये बसा, पाचशे बाट देऊन ते न संपणारं देऊळ बघा. वॉकिंग स्ट्रीटवर गेलात तरी माझी हरकत नाही, फक्त समोरची बाई कुणाची तरी उधारी फेडतेय हे ठाऊक असू द्या. आणि दुकानदार असाल तर ज्याच्या बाटलीवर गेलात त्याचं नाव तुमच्या वहीत सापडेल.

मी आमच्या वहीतलं नाव शोधलं. अप्पांना म्हटलं, काकांच्या तीन बाटल्यांचे पैसे काढून टाकू. अप्पा म्हणाले, "एकाचे काढले तर सगळ्यांचे काढावं लागतील की." मी म्हटलं, काढू. त्यांनी उत्तर दिलं नाही. मी पेनने काकांच्या तीन ओळी खोडल्या, बाकीच्यांच्या तशाच आहेत. यावरून आमच्यात चार दिवस बोलणं नव्हतं आणि अव्वा मधे जेवायला वाढत होती.

यंदाच्या खरिपाच्या स्कीमचं पत्रक मे महिन्यातच आलं. गुळगुळीत कागद, निळा समुद्र, ठिकाण व्हिएतनाम. खाली बारीक अक्षरात या वेळी नवीन ओळ आहे: सहल फक्त मालकांसाठी. पत्रक काउंटरवर वजनकाट्याखाली आहे, अप्पांनी अजून उचल केलेली नाही. कंपनीचा माणूस सोमवारी येतो म्हणालाय.